एकेरी मार्गावरचा अग्रक्रम

वास्तवकालीन संगणकप्रणालीत, म्हणजे जिथे उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही तर ते मुदतीतही यावे लागते अशा प्रणालीत, खरी चिवट अडचण एका वेळी एकालाच वापरता येणाऱ्या साधनाची असते, आणि गोंदिया–बल्लारशा या एकेरी लोहमार्गावरच्या सिंदेवाही स्थानकात ती पाठ्यपुस्तकापेक्षा स्वच्छ दिसते. दोन स्थानकांमधल्या ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असते. आलेवाहीकडून निघालेली मालगाडी ब्लॉकमध्ये आहे आणि नागभीडकडे जाणारी एक्सप्रेस तिच्यासाठी सिंदेवाहीत थांबली आहे, असे समजावे. हा खोळंबा अटळ असला तरी मोजता येतो. मात्र त्याच वेळी राजोलीकडून आलेल्या पॅसेंजरला आधी आत घेतले, तर मालगाडी होम सिग्नलबाहेर अडकते आणि ज्या पॅसेंजरला त्या घडीला तो ब्लॉक नकोच आहे तिच्यापायी एक्सप्रेस रखडते. यालाच अग्रक्रम-विपर्यास म्हणतात.

4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात हेच घडले: हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या खालच्या अग्रक्रमाच्या कामाने सामाईक साधनाचे कुलूप धरले, मधल्या कामांनी त्याला प्रोसेसर मिळू दिला नाही, वरच्या कामाची मुदत टळली आणि यान पुन्हापुन्हा रीसेट होत राहिले. लुई शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी 1990 मध्ये सविस्तर मांडलेला अग्रक्रम-वारसा, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला ते सोडेपर्यंत खोळंबलेल्याचा अग्रक्रम देणे, पृथ्वीवरून चालू केल्यावर तो दोष गेला. एक्सप्रेस अडली म्हणून मालगाडीलाच आधी आत घेणारा कंट्रोलर वेगळे काही करत नाही.

अग्रक्रमांचा तक्ता रचणाऱ्याला त्याचा मोठा अभिमान असतो, आणि आपण वर ठेवलेले काम खालच्याच्या हाती आहे हे मान्य करणे त्या अभिमानाला जड जाते. म्हणून हल्ली वेगवान प्रोसेसर घेऊन प्रश्न मिटवण्याची चाल पडली आहे. ही कारागिरीची घसरण आहे. लोहमार्गावरही तेच: एप्रिल 2025 मध्ये मंजूर झालेल्या या मार्गाच्या दुहेरीकरणाने समोरासमोरच्या गाड्यांचे थांबणे जाईल, पण त्याच दिशेने पुढे चाललेल्या मालगाडीमागे एक्सप्रेस अडायचीच. वारशानेही सगळे सुटत नाही, कारण कुलुपे अनेक असली की खोळंब्यांची साखळी तयार होते. ती तोडणारी अग्रक्रम-मर्यादेची पद्धत कोणते काम कोणते कुलूप घेणार याची यादी आधीच मागते. ही यादी करण्याचा कंटाळा येतो, तरीही ती केल्यावरच कुलूप हाती असताना चाललेली कितीतरी आकडेमोड बाहेर नेता येते, हे ध्यानात येते.