रहमत खान कुणाचा?

सुभाषबाबूंच्या सुटकेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. जानेवारी १९४१ मध्ये ते कोलकात्यातल्या नजरकैदेतून निसटले आणि पेशावरमार्गे काबूलला पोचले. त्या प्रवासात सोबत होता रहमत खान. कुणी हटकलंच तर तो सांगे, हे माझे काका झियाउद्दीन, मुके-बहिरे आहेत. सुभाषबाबूंना पश्तू येत नव्हती. त्यांचा जीव या थापेवर तगला. मार्चमध्ये ते इटालियन पासपोर्टवर युरोपला गेले आणि आपल्यापुरता रहमत खानही तिथेच संपला.

त्याचं खरं नाव भगतराम तलवार. सरहद्द प्रांतातला, कीर्ती किसान पार्टीचा कार्यकर्ता. त्याचा भाऊ हरिकिशन याने डिसेंबर १९३० मध्ये लाहोरला, विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात पंजाबच्या गव्हर्नरवर गोळ्या झाडल्या आणि पुढच्याच जूनमध्ये तो फासावर गेला. अशा घरातला हा माणूस काबूलमध्ये आधी इटालियनांचा, मग जर्मनांचा हेर झाला. २२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर चाल केली, तसा तो रशियनांना मिळाला. रशियनांनी त्याची गाठ इंग्रजांशी घालून दिली. जेम्स बाँडच्या जनकाचा थोरला भाऊ पीटर फ्लेमिंग दिल्लीत त्याचा सूत्रधार बनला. तिथे रचलेल्या लष्करी बातम्या भगतराम जर्मनांना पुरवू लागला. जर्मनांनी खूश होऊन त्याला आयर्न क्रॉस दिला! बर्लिनमध्ये सुभाषबाबूही त्याला आपलाच माणूस समजत होते.

भावाला फाशी देणाऱ्या सरकारचंच काम! तरी त्याला फितूर म्हणून मोकळं व्हायला माझं मन धजत नाही. रशिया वाचला पाहिजे, असं तेव्हा हिंदुस्थानातल्या कितीतरी कम्युनिस्टांना मनापासून वाटत होतं. ‘लोकयुद्ध’ म्हणत त्यांनी इंग्रजांच्या युद्धाला उघड पाठिंबा दिला, त्यासाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. हरिकिशननेही भर समारंभात पिस्तूल काढलं होतं. चळवळीतल्या माणसाच्या निष्ठेची अशी चारचौघांत झाडाझडती होते. हेराला ती सोय नाही. आपण विचारासाठी खोटं बोलतो आहोत, की खेळ अंगात भिनला म्हणून, हे त्याला विचारणार कोण? इतक्यांना झुलवणाऱ्या माणसाला स्वतःला झुलवणं काय अवघड?

१९७६ साली भगतरामचं इंग्रजी पुस्तक आलं. पुस्तकाच्या नावात तलवार घराणं आहे आणि सुभाषचंद्रांची सुटका आहे. जगाने आपल्याला कशासाठी ओळखावं, हे त्याने ठरवलेलं दिसतं. आपणही तेवढंच लक्षात ठेवलं. पण काबूलच्या वाटेवर पोलिसांना चकवणारी जीभ आणि बर्लिनला चकवणारी जीभ एकच होती. पहिल्या थापेला आपण शौर्य म्हणतो, दुसरीला दगा. थाप कुणाच्या कामी आली एवढंच पाहून आपण निवाडा करत असू, तर आपल्या आणि त्याच्या तराजूत मला फारसा फरक दिसत नाही.