पसरणीच्या घाटांत

प्रवासवर्णन लिहावयाचें म्हणजे काशी-रामेश्वर, निदान हिमालय तरी पाहिजे, असा सर्वसाधारण समज आहे. माझा प्रवास वाई ते पांचगणी एवढाच, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरांचा. आणि तोहि पुरा झाला नाहीं. तरीहि तो वाचकांपुढें मांडावासा वाटतो. कारण त्यांत मी जें शिकलों, तें ३५ वर्षें इतरांस शिकवूनहि मला आलेलें नव्हतें.

मी वाईचाच. कृष्णेच्या घाटावर लहानपण गेलें, पाठशाळेंत संस्कृत झालें आणि पुढें शाळेंत तेंच शिकवून निवृत्त झालों. शाळेला जन्मभर सायकलीवर गेलों. त्यामुळें सायकल आपल्याला येते असा अभिमान. गेल्या वैशाखांत पुतण्याचा मुलगा सुटीसाठीं पुण्याहून आला, तो आपली व वडिलांची अशा गिअरच्या दोन सायकली मोटारीवर लादूनच. "आजोबा, सकाळीं जरा फिरून येऊं," म्हणाला. मेणवलीस जाऊन यावयाचें ठरलें. निघतांना आमच्या सौभाग्यवतींनीं दारांतूनच सांगितलें, "अहो, ऊन चढायच्या आंत या. पोहे करून ठेवतें."

सातांच्या सुमारास ढोल्या गणपतीस नमस्कार करून निघालों. मेणवली अवघी तीनएक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, मागचा चंद्रकोरीसारखा घाट आणि वसईच्या विजयाची खूण म्हणून आलेली ती पोर्तुगीज घंटा, हें सारें नातवास दाखविलें. पाण्यांत पाय सोडून बराच वेळ बसलों. सपाटीवर सायकल वेगानें चालली कीं वारा अंगाला लागतो, घाम निघतो तसा वाळतो, आणि मनुष्यास वाटतें कीं ऊन नाहींच. ही पहिली फसवणूक.

वाईंत परत आलों तेव्हां साडेआठ वाजून गेले होते. पोह्यांची आठवण झाली. परंतु पायांत अजून जोर होता. "पसरणीपर्यंत जाऊं, घाटाचें तोंड पाहूं आणि फिरूं," असें मीच म्हणालों. नातवानें नव्हे, हें प्रामाणिकपणें नमूद करतों. पसरणी म्हणजे शाहीर साबळे यांचें जन्मगांव. तें मागें पडलें आणि रस्ता चढूं लागला. गिअर बदलतांच पाय हलके झाले. वाटलें, एक वळण पाहूं. मग दुसरें.

तिसऱ्या वळणावर पन्नाशीचे दोघे सायकलस्वार मागून आले. पुढें जातां जातां त्यांतील एकजण आदरानेंच म्हणाला, "आजोबा, सावकाश!" नातवाच्या तोंडचें 'आजोबा' गोड लागतें, त्या गृहस्थाच्या तोंडचें मला झोंबलें. मीं पायडलावर जोर दिला. नातू म्हणाला, "आजोबा, परत फिरूं या का?" मीं ऐकूनहि न ऐकल्यासारखें केलें.

सुश्रुतानें व्यायामाचें एक माप सांगून ठेवलें आहे. हृदयांतील वायु मुखाशीं येऊं लागला, म्हणजे मनुष्य तोंडानें श्वास घेऊं लागला, कीं अर्धें बळ खर्च झालें असें समजावें. वाग्भट सांगतो कीं, बलवानानेंहि थंडीच्या दिवसांत व वसंतांत अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा, आणि इतर ऋतूंत त्याहूनहि मंद. हीं वचनें प्रसंगोपात्त मीं किती वर्गांना समजावून दिलीं असतील! त्या दिवशीं भर ग्रीष्मांत माझा श्वास दुसऱ्या वळणापासूनच तोंडानें चालला होता.

वाईहून पांचगणी सुमारे ६०० मीटर उंच. चढावर सायकलीची गति पायीं चालणाऱ्याइतकी होते. श्रम वाढतात आणि वारा मात्र लागत नाहीं. बाजूचा कातळ तापलेला. घाम अंगावरून नुसता निथळतो, वाळत नाहीं, आणि आंतली उष्णता आंतच कोंडते. बाटलींतील पाणी संपलें होतें. खालीं कृष्णेचें खोरें, धोमचें पाणी, पलीकडे पांडवगड. ज्या देखाव्यासाठीं एरवीं मी एस. टी. ची खिडकी धरून बसतों, तो त्या दिवशीं मीं पाहिलाच नाहीं. माझी दृष्टि पुढच्या चाकावर खिळली होती. नातू पुन्हां म्हणाला, "फिरूं या, आजोबा." मीं मान हालविली.

मग मांड्यांत गोळे आले. रणरणत्या उन्हांत अंगावर कांटा उभा राहिला, हुडहुडी भरल्यासारखें झालें; आणि अंग आतां थंड होत आहे, असें मला वाटलें! नातवानें कांहीं विचारलें. त्याला हांक मारूं गेलों, तों त्याचें नांव आठवेना. तें नांव त्याच्या बारशाला मींच सुचविलेलें होतें.

वळणावर एक बाई लिंबाचें सरबत विकीत बसली होती. त्या माउलीनें कांहीं न विचारतां मला सावलींत निजविलें, जोडे काढले, डोक्यावर व मानेवर पाणी ओतलें, आणि नातवाच्या हातीं पुठ्ठा देऊन म्हणाली, "वारा घाल, बाळा." मी नीट बोलूं लागल्यावर मीठ-साखर घातलेलें सरबत घोट घोट पाजलें. पैसे घेतले ते सरबताचे तेवढेच. भाजी पोंचवून परतणाऱ्या एका टेम्पोंतून सायकलींसह आम्ही खालीं आलों.

डॉक्टर म्हणाले, "गोळे आले तेव्हांच थांबायला हवें होतें. नांव आठवेना, म्हणजे उष्णता मेंदूला बाधली होती. अशा वेळीं अंग लवकर थंड झालें नाहीं तर माणूस दगावतो. त्या बाईनें तुम्हांला वांचवलें."

घरीं सौभाग्यवती एक शब्द बोलल्या नाहींत. पोह्यांचें पातेलें झांकलेलेंच होतें.

रात्रीं नातू माडीवर एकटाच बसलेला दिसला. जवळ गेलों, तेव्हां म्हणाला, "आजोबा, मला दिसत होतें. तुमची सायकल वेडीवांकडी चालली होती. दोनदां म्हणालों. पण तुम्हांला 'थांबा' असें कसें म्हणूं?"

हा प्रश्न मला उन्हापेक्षां अधिक लागला. वडीलधाऱ्यांस उलट बोलूं नये, हें आमच्या घरचें वळण मींच जपलेलें. वळण वाईट नाहीं. परंतु त्याच्या आड वडील माणूस आपला हट्ट लपवूं लागला, तर सोळा वर्षांच्या मुलानें म्हाताऱ्याचा जीव जातांना मुकाट्यानें पाहावें काय? दुसऱ्या दिवशीं जेवणाच्या पंक्तींत सर्वांसमक्ष मीं एक नियम सांगितला: रस्त्यावर, डोंगरांत वा पाण्यांत असतांना धाकट्यानें "पुरे" म्हटलें, कीं वडिलानें थांबावें, कारण विचारूं नये.

मार्गशीर्षांत नातू पुन्हां आला. या वेळीं पहांटेच निघालों. दुसऱ्या वळणाशीं माझा श्वास तोंडाशीं आला. नातू जरा भीत भीतच म्हणाला, "आजोबा, पुरे." मी उतरलों. सायकली कठड्याला टेकवून दोघेहि खोऱ्याकडे पाहत उभे राहिलों. धोमच्या पाण्यावरचें धुकें हळूहळू उठत होतें.

सायकलीनें पांचगणी मीं अजून पाहिलेली नाहीं. त्या दिवशीं आम्ही घरीं पोंचलों, तेव्हां पोहे गरम होते.