नजर ओळखणारा कॅमेरा

धर्मग्रामातील लग्नांच्या जुन्या अल्बमांत मधली मंडळी ठसठशीत आणि मागे कडेला बसलेली आजी पुसट, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. आरंभीचे बहुतेक ऑटोफोकस कॅमेरे मध्यभागावरच लक्ष ठेवीत. १९९२ साली आलेल्या कॅननच्या ‘ईओएस ५’ या फिल्म कॅमेऱ्याने मात्र छायाचित्रकाराची नजर ओळखली! डोळ्यावर अवरक्त किरण पडतात. त्यांच्या परावर्तनावरून आडव्या ओळीतील ५ बिंदूंपैकी एक निवडला जातो. कॅमेरा उभा धरला की ही सोय बंद. चष्म्यामुळेही तो गोंधळतो, आणि आम्ही चष्मेवाले! तरी एका स्नेह्याचा कॅमेरा घेऊन आम्ही आजीकडे पाहिले. क्षणभर भिंग घुटमळले. मग तिच्या सुरकुत्या स्पष्ट झाल्या, पुढचे पाहुणे धूसर झाले. आम्ही कळ दाबली.