भुलेश्वरचा पांजरपोळ आणि आमचे शंभर रुपये

चर्नी रोड स्टेशनला उतरून सी. पी. टँकच्या दिशेने चालत निघालं की थोड्याच वेळात भुलेश्वर येतं. बांगड्या, लेस, पूजेचं साहित्य, हातगाड्या आणि धक्काबुक्की! याच गर्दीतल्या एका दरवाजातून आत शिरलात, तर समोर चक्क गाईगुरं दिसतात. हाच मुंबईचा पांजरपोळ.

खरं सांगायचं तर मी इथे फिरायला गेले नव्हते. आम्ही पाच मैत्रिणी उपनगरातल्या भाड्याच्या खोलीत जखमी कुत्र्या-मांजरांना सांभाळतो. पाय मोडलेल्या पिल्लाचा व्हिडिओ टाकला की दोन दिवस पैसे येतात. तिसऱ्या दिवशी पिल्लू तिथेच असतं, पैसे मात्र थांबतात. डॉक्टरांचं बिल थकलं, खोलीचं भाडं राहिलं आणि एका रात्री फोनवर मी पहिल्यांदाच म्हटलं, "सॉरी, जागा नाही." ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

मग वाटलं, जी संस्था जवळपास दोनशे वर्षं टिकली, तिने हे कसं जमवलं असेल?

१८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईतली भटकी कुत्री मारायला बक्षीस लावलं. त्यावरून पारशी समाज चिडला, इतर समाजही साथीला आले आणि शहरात दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांनी मिळून हा पांजरपोळ उभा केला.

पण त्यांनी नुसती मोठी देणगी देऊन हात झटकले नाहीत. व्यापारी होते ना! कापूस, साखर अशा मालाच्या व्यवहारावर त्यांनी स्वतःच छोटीशी लाग बसवून घेतली. धंदा रोज चालणार, म्हणजे चाराही रोज येणार. पुढे मालमत्तेच्या भाड्याचाही आधार मिळाला.

आत मी गाईंसाठी गवताची एक पेंढी घेतली. गवतवाल्या मावशींना आमची अडचण सांगितली, तर त्या हसून म्हणाल्या, "पोरी, गाय काय फक्त सणाला खाते का?"

उत्तर मिळालं होतं!

घरी येऊन आम्ही पहिल्यांदा वहीत हिशेब मांडला. भाडं सात हजार. म्हणजे महिन्याला शंभर रुपये देणारी सत्तर माणसं हवीत. मोठा दाता शोधणं थांबवलं आणि सोसायटीतल्या काकू, किराणावाले दादा, कॉलेजचे मित्र यांना विचारलं. दर महिन्याच्या पाच तारखेला खर्चाचा कागद सगळ्यांना पाठवायचा, हा नियम केला. देणाऱ्यांना करसवलत मिळावी म्हणून आता संस्थेची नोंदणी आणि मग त्यासाठीचा अर्ज करणार आहोत.

आजवर त्रेचाळीस जण झालेत. सत्तावीस अजून बाकी आहेत. औषधांसाठी आजही हात पसरावा लागतो. पण परवा रात्री फोन आला, तेव्हा मी म्हटलं, "घेऊन या."

भुलेश्वरला खरेदीला गेलात तर पांजरपोळात नक्की डोकवा. आणि तुमच्या गल्लीत कोणी मुक्या जिवांना सांभाळत असेल, तर एकदाच हजार देण्यापेक्षा दर महिन्याला शंभर द्या. भूक काही एकदाच लागत नाही!