गिधाडे कुठे गेली?

वाचकहो, आज एक कोडे घालतो. सर्वांत उंच उडाल्याची नोंद कोणत्या पक्ष्याची? कुणी घार म्हणेल, कुणी गरुड. पण उत्तर आहे गिधाड! २९ नोव्हेंबर १९७३ रोजी आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशावर एका विमानाच्या इंजिनात पक्षी सापडला. विमान होते ३७,००० फुटांवर, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्याहूनही सुमारे आठ हजार फूट वर. पिसांवरून ओळख पटली. ते तिकडच्या एका जातीचे गिधाड होते.

अशा पक्ष्याला आपण मान काय दिला? कुणी हपापलेला दिसला की म्हणायचे, 'गिधाडासारखा टपून बसलाय.' माझी आजी तर छपरावर गिधाड बसणे अशुभ मानायची. पण तिच्याच काळी मेलेला बैल गावाबाहेर नेऊन टाकला, की दिवस मावळायच्या आत तिथे नुसती हाडे उरत. ना दुर्गंधी, ना माश्या, ना कुणाला मजुरी!

त्याच्या टकलाला आपण हसतो. पण मढ्यात डोके खुपसणाऱ्याला पिसे असती, तर ती रक्तामांसाने बरबटली असती. आपल्याकडची गिधाडे वासाने नव्हे, नजरेने भक्ष्य शोधतात. एक खाली उतरले की ते पाहून दूरदूरची येतात. सडके मांस त्यांना बाधत नाही, कारण पोटातले आम्ल फार जहाल असते. कितीतरी रोगजंतू त्यातच मरतात.

मग एवढा खंबीर पक्षी गेला कुठे? १९९० नंतर गिधाडे पटापट मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ या काळात हजारात एखादेच उरले. कारण २००४ साली उजेडात आले आणि ते आपल्या गोठ्यातलेच निघाले. लंगडणाऱ्या, सुजलेल्या जनावराला डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले जाई. ते जनावर दोन-चार दिवसांत दगावले आणि गिधाडांनी खाल्ले, की औषध त्यांच्या पोटात जाई. त्यांचे मूत्रपिंड बंद पडे आणि ती मरत. शंभरात एकाहून कमी मढ्यांत हे औषध असले, तरी एवढा संहार होतो, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. म्हाताऱ्या बैलाच्या दुखण्यावर दयेने दिलेले औषध आभाळ रिकामे करून गेले!

गिधाडे गेली आणि मढ्यांवर मोकाट कुत्री पोसू लागली. पिसाळलेल्या कुत्र्याची धास्ती गावाला वेगळी सांगायला नको.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक यांवर २०२३ साली. तरी माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक दुकानात मिळतेच, आणि ते गोठ्यात पोचायला वेळ लागत नाही. म्हणून जनावराला सुई टोचण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा, 'हे गिधाडांना चालते ना?' मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचे औषध त्यांना सुरक्षित ठरले आहे.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. गेलेला थवा परत यायला पिढ्या लागतील. पण विचारायला पैसा पडत नाही, आणि सुरुवात आपल्याच गोठ्यापासून करता येते.