कानांनी पाहू या जुने शहर!

मुलांनो, एखादं गाव पाहायला गेलो की आपण काय करतो? देऊळ पाहतो, किल्ला पाहतो, बाजार पाहतो, फोटो काढतो आणि घरी येतो. म्हणजे सगळं काम डोळ्यांचं! कान बिचारे नुसते सोबत येतात. आज आपण उलटं करू या. अकोल्यातलं जुने शहर कानांनी पाहू या आणि फिरता फिरता एक खरेदीही करू या. कसली? हेडफोनची! तुमच्यापैकी पुष्कळांना ते हवे असतात आणि पुष्कळांच्या आई-बाबांना त्यांची धास्ती असते. दोघांनीही सोबत चला.

अकोला शहराच्या मधून मोर्णा नदी वाहते आणि पुढे पूर्णेला जाऊन मिळते. मोर्णेच्या पूर्वेला रेल्वे स्टेशन, ताजनापेठ आणि गांधी रोडचा बाजार. पश्चिमेला जुने शहर. पूल ओलांडला की गल्ल्या अरुंद होतात आणि आवाज जवळ येतात. रुंद रस्त्यावर आवाज पसरून जातो. गल्लीत तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो. म्हणून एक ऑटो गेला तरी तीन गेल्यासारखं वाटतं. थोडं थांबून ऐका. कुणाच्या घरी भाकरी थापताहेत, कुठे कुकरची शिट्टी होतेय, कुणी नळाखाली बादली ठेवलीय, भंगारवाला ओरडतोय. डोळे मिटले तरी गल्ली दिसते की नाही?

आपल्या सोबतीला दोघं जण आहेत. एक सातवीतला मुलगा आणि दुसरे त्याचे आजोबा. त्यांना घरात सगळे आबाजी म्हणतात. त्यांचं घर जयहिंद चौकाच्या बाजूला. घर म्हणजे एक मोठी खोली आणि स्वयंपाकघर. संध्याकाळी मुलाला आईच्या मोबाइलवर इंग्रजीचे पाठ ऐकायचे असतात. नेमका तेव्हाच आबाजींचा टीव्ही सुरू असतो, आणि तोही एवढा मोठ्यानं की शेजारच्यांनाही बातम्या कळाव्यात! म्हणून मुलाला हेडफोन हवेत. त्यानं सहाशे रुपये साठवले आहेत.

आता आबाजी टीव्ही इतक्या मोठ्यानं का लावतात? त्याचं उत्तर पुढच्या ठिकाणी मिळेल. चला, किल्ल्यावर जाऊ.

मोर्णेच्या काठावर असदगड आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून किल्ल्याला हे नाव पडलं. वर चढलं की गल्लीचा गलका खाली राहतो. वाऱ्याचा आवाज येतो, साळुंक्या भांडतात, एखादा पोपटांचा थवा ओरडत जातो. मुलगा म्हणाला, "आबाजी, पोपट आयकले का?"

आबाजींनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोपट दिसले बाप्पा. आयकू नाई आले."

आबाजींनी ऐन उमेदीची वर्षं जिनिंगमध्ये काढली. अकोला म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ. कापसातली सरकी काढणारी यंत्रं दिवसभर धडधडत असतात. त्या काळात कानात बोळे घालायचं त्यांना कुणी सांगितलं नाही. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक लहानसा भाग असतो. त्यात जवळपास पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची थरथर त्या पकडतात आणि मेंदूला कळवतात. रोज मोठा आवाज आदळत राहिला की त्या मरतात. डोक्यावरचे केस कापले तर पुन्हा येतात, या पेशी मात्र पुन्हा येत नाहीत. त्यातही बारीक, उंच आवाज ऐकणाऱ्या पेशी आधी जातात. म्हणून आबाजींना ढोल ऐकू येतो, पण पोपट ऐकू येत नाही. 'स', 'श', 'त' अशी बारीक अक्षरंही निसटतात. "सात वाजले" म्हटलं तर त्यांना "आठ वाजले" वाटतं!

ढोलाचं नाव निघालंच आहे, तर आता राजराजेश्वराच्या देवळाकडे वळू. हे अकोल्याचं ग्रामदैवत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी इथे कावडयात्रा येते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी कावडीत भरतात आणि भाविक ते खांद्यावरून, अनवाणी चालत इथे आणतात. त्या दिवशी जुने शहर ढोल-ताशांनी दुमदुमून जातं. जरूर पाहा, पण ध्वनिवर्धकांच्या भिंतीला खेटून उभं राहू नका. चार पावलं मागे सरकलात तरी कानांवरचा मार बराच कमी होतो.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे! आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. आपलं साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं. आपल्या देशात 2000 सालच्या नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटना लहान मुलांना सांगते, 75 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास, त्यापेक्षा जास्त नको. आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा! म्हणजे 78 ला 20 तास, 81 ला 10 तास, 84 ला 5 तास. मग 90 डेसिबलला किती? करून बघा. उत्तर येतं सव्वा तास, आणि तेही अख्ख्या आठवड्यात!

यातून खरेदीचा मोठा नियम निघतो. ज्या हेडफोनमधून कमी आवाजातही शब्द स्वच्छ ऐकू येतात, तोच चांगला. जो किती मोठ्यानं वाजतो याची फुशारकी मारतो, तो नव्हे.

चला, पूल ओलांडून बाजारात जाऊ. दुकानात रंगीबेरंगी खोकी टांगलेली आहेत. दुकानदारानं लगेच एक चमकदार खोकं पुढे केलं, "हे घे बाप्पा, लय बास हाय याच्यात!"

म्हणतात ना, कान आणि डोळे यांत चार बोटांचं अंतर, म्हणून ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं खरं मानावं. हेडफोन घेताना मात्र ही म्हण उलटी करायची. खोकं पाहून भुलायचं नाही, कानांनी ठरवायचं.

पहिली गोष्ट, आईच्या मोबाइलला गोल भोक आहे का ते पाहा. असलं तर 3.5 मिलिमीटरची पिन लागेल. नसलं तर टाइप-सी पिनचा हेडफोन किंवा जोडणी घ्यावी लागेल आणि ती त्याच मोबाइलवर लावून पाहावी लागेल. गोल पिनेवरचे काळे पट्टे मोजा. दोन असतील तर फक्त ऐकता येतं, तीन असतील तर बोलायचा माइकही आहे. गंमत म्हणजे या पिनेचा पूर्वज एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. तिथे ऑपरेटर अशाच पिना खुपसून दोन माणसांचं बोलणं जुळवून देत. ती पिन जाडीला जवळपास दुप्पट होती.

दुसरी गोष्ट, वायरचा की बिनवायरचा? पैसे थोडे असतील तर वायरचा. बिनवायरच्या हेडफोनमध्ये तेवढ्याच पैशांत बॅटरी, चार्जिंगची डबी आणि रेडिओचं यंत्र बसवावं लागतं. मग आवाजासाठी उरणार किती? शिवाय बॅटरी काही वर्षांत थकते आणि एक बोंड हरवलं की जोडी मोडली. वायरचा आणखी एक फायदा आहे. ज्या मोबाइलमध्ये एफएम रेडिओ असतो, त्यात हेडफोनची वायरच एरियलचं काम करते. आकाशवाणी अकोला ऐका की फुकट!

तिसरी गोष्ट, खोकं नीट वाचा. किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीचा फोन नंबर आणि वॉरंटी छापलेली हवी. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदललेलं दिसलं तर खोकं खाली ठेवा. बिनवायरचा घेत असाल तर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक शोधा. 'बीआयएस केअर' या अॅपवर तो खरा की खोटा ते कळतं. बिल मागायला लाजू नका. फसवणूक झाली तर 1915 हा ग्राहकांसाठीचा राष्ट्रीय फोन नंबर आहे.

चौथी गोष्ट महत्त्वाची. दुकानदाराला विनंती करून नमुन्याचा हेडफोन पुसून घ्या आणि आपल्याच मोबाइलवर ऐकून पाहा. आवाज तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. आधी गाणं लावू नका, कुणाचं तरी बोलणं लावा. आमच्या मुलानं इंग्रजीचा पाठच लावला. तुम्ही अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांचं वऱ्हाडी कवितावाचनही लावू शकता. प्रत्येक शब्द सुटा येतो का? डावा-उजवा कान सारखा वाजतो का? 'लय बास'वाल्या हेडफोनमध्ये ढोल इतका घुमत होता की बाईंचे शब्द त्याखाली दडपून गेले. मुलानं तो परत केला. दुसऱ्या, साध्या काळ्या हेडफोनमध्ये शब्द स्वच्छ आले. किंमत साडेचारशे.

दुकानदार हसून म्हणाला, "मॅडम, पोरगं लय चिकित्सक हाय तुमचं!" मी म्हटलं, "असू द्या, पैसे त्याचे आहेत आणि कानही त्याचेच."

पाचवी गोष्ट, रबरी टोप्या. कानात बसणाऱ्या हेडफोनसोबत बहुधा लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन मापांच्या टोप्या येतात. टोपी सैल बसली तर बाहेरचा गलका आत येतो आणि आपण आवाज वाढवत जातो. नीट बसली की कमी आवाज पुरतो. म्हणजे आवाज सुधारणारी ही सगळ्यात स्वस्त वस्तू! सोनेरी पिनेसाठी मात्र जास्त पैसे मोजू नका. सोन्याचा मुलामा पिनेला गंजू देत नाही, गाणं काही गोड करत नाही. महागडं पाऊचही नको. जुनी कंपासपेटी छान चालते. वायर पिनेपाशी सगळ्यात आधी तुटते, म्हणून ती मोबाइलभोवती करकचून गुंडाळू नका.

उरलेल्या दीडशे रुपयांचं काय करायचं? मुलगा म्हणाला, "मॅडम, आबाजीसाठी बी एक घेऊ का?" विचार चांगला होता. पण हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. अंदाजानं आवाज वाढवून दिला तर उरलेली ऐकण्याची शक्तीही जायची. त्याआधी तपासणी हवी. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. आबाजी म्हणाले, "आता कायले? म्हातारपण हाय." नातू हळूच त्यांच्या कानाशी गेला आणि म्हणाला, "पोपट आयकाले." आबाजी काही बोलले नाहीत, पण सोमवारी जायचं ठरलं आहे. त्या दीडशे रुपयांतून दोघांचं ऑटोभाडं निघेल.

आता घरचे नियम, आई-बाबांसाठीसुद्धा! आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवायचा. बऱ्याच मोबाइलमध्ये ही मर्यादा ठरवून ठेवता येते. मधून मधून कानांना सुट्टी द्यायची. हाताच्या अंतरावर बसलेला माणूस साधं बोलला आणि ते कळलं नाही, तर आवाज जास्त आहे. कानात शिट्टीसारखं वाजू लागलं तर लगेच बंद करायचं आणि घरी सांगायचं. हेडफोन दुसऱ्याला द्यायचा नाही, टोप्या पुसून ठेवायच्या. आणि रस्त्यावर किंवा रुळांजवळ हेडफोन खिशात! जुने शहरासारख्या अरुंद गल्लीत मागून येणारी गाडी आधी कानांनाच कळते.

येत्या रविवारी एक करा. आपल्या गावात अर्धा तास हेडफोनशिवाय फिरा आणि ऐकू आलेल्या आवाजांची यादी लिहा. सोबत आजी-आजोबांनाही न्या आणि त्यांना वेगळी यादी करायला सांगा. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. तुमच्या यादीतला एखादा बारीक आवाज त्यांच्या यादीत नसेल, तर घरी नक्की सांगा.