जाळ्याचा खालचा काठ

शिडाच्या बोटीवर लहान मूल येणार असलं, की लाइफलाइनला, म्हणजे डेकच्या कडेने ओढलेल्या तारांना, जाळं बांधायचं काम माझ्याकडे येतं. वर्ल्ड सेलिंगच्या खोल समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांप्रमाणे 8.5 मीटरहून लांब बोटीवर वरची तार किमान 600 मिलिमीटर उंच हवी. म्हणजे मोठ्या माणसाच्या जेमतेम गुडघ्याच्या वर. तिच्याखालच्या मोकळ्या जागेतून तीन वर्षांचं पोर सहज निसटतं.

जाळं हातात घेतलं की आधी लांबीत ओढायचा मोह होतो. पण लांबीत ओढलं की घरं चपटी होतात, उंची घटते आणि खालचा काठ डेकपासून वर उचलला जातो. म्हणून मी आधी उंची धरतो. वरची तार टर्नबकलपाशी, म्हणजे ताण देणाऱ्या स्क्रूपाशी, सोडून जाळ्याच्या घरांतून ओवतो. तेवढ्यात तारेवरून बोटं फिरवून पाहतो. प्लास्टिकचं आवरण असेल तर मालकाला ती बदलायलाच सांगतो, कारण आवरणाखाली स्टेनलेस स्टीलही गंजतं आणि बाहेरून काही कळत नाही.

खरं काम खाली आहे. बोट कललेली असताना मूल घसरतं ते डेकवरून सरकत येतं आणि त्याचा सगळा भार टो-रेलजवळच्या, म्हणजे डेकच्या काठावरच्या पट्टीजवळच्या, शिवणीवर पडतो. ही शिवण मी दोरीनेच घालतो, प्रत्येक स्टँचनपाशी, म्हणजे तारा धरणाऱ्या खांबापाशी, वेगळी गाठ मारून. एके ठिकाणी दोरी घासून तुटली तरी पुढची उसवत नाही. प्लास्टिकचे टाय मला अजिबात मान्य नाहीत. उन्हाने ते ठिसूळ होतात आणि त्यांची कापलेली टोकं हात चिरतात. ताणही बेताचाच द्यायचा, नाहीतर दोन स्टँचनांच्या मध्ये वरची तारच खाली वाकते.

दोर बांधायच्या क्लीटपाशी मात्र जागा मोकळी सोडावी लागते. बोट धक्क्याला लावताना दोर जाळ्यात अडकला तर पंचाईत. आणि शिवण अशी हवी की सुरीने चटकन कापता येईल. पाण्यात पडलेल्याला वर घेताना हेच जाळं आडवं येतं.

आपल्याकडच्या उन्हात नायलॉन लवकर कमजोर होतं. हंगाम सुरू होण्याआधी जाळं चिमटीत धरून चोळून पाहा. धागे कडक लागले, भुगा सुटला, तर सरळ बदला. आणि जाळं बांधलंय म्हणून मुलाच्या अंगावरचं लाइफजॅकेट काढू नका.